दुसरा कान

"अजून एकदा," मी म्हणाले.

सायमनने ते दासनच भाषेत सांगितलं. म्हाताऱ्या नाबोईने समोरचा पाण्याचा डबा उचलला, माझ्या नाकाखाली धरला आणि तोच शब्द इतक्या मोठ्याने उच्चारला की कुंपणापलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

"ती म्हणते, चोवीस वर्षांची घोडी झालीस, सतरा वर्षं शाळेत गेलीस आणि पाण्याला काय म्हणतात ते तीन-तीनदा विचारतेस?"

"तिला सांग, नियम आहे. प्रत्येक शब्द तीनदा."

"सांगितलं. ती म्हणते, नियम करणाऱ्याला कधी तहान लागली नसणार."

मी हसले. नाबोई हसली नाही. खालच्या दोन दातांच्या मोकळ्या जागेतून तिने बाजूला थुंकी टाकली आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत बसली. मी ध्वनिमुद्रण यंत्रावरचा आकडा पाहिला, वहीत नोंद केली: शब्द क्रमांक एकोणसाठ, तीन उच्चार, पार्श्वध्वनी: घंटा, मंद, दूर.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. केनियाच्या अगदी वरच्या टोकाला, तुर्काना सरोवराच्या पूर्व काठावर, जिथून इथिओपियाची सीमा अर्ध्या दिवसाच्या चालीवर आहे, अशा दासनच लोकांच्या एका वस्तीत मी सात आठवडे राहिले. वस्ती म्हणजे काटेरी कुंपणात कातड्यांनी आणि पत्र्यांनी शाकारलेल्या अकरा गोल झोपड्या. मी भाषाशास्त्र शिकलेले नव्हते. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि प्रा. मार्टा लिंडे यांना भाषांमधली अंतरं मोजणारं कुणीतरी हवं होतं.

अंतर मोजणं म्हणजे काय, ते सोपं आहे. हात, पाणी, दगड, मरणं अशा दोनशे साध्या शब्दांची यादी घ्यायची आणि दोन भाषांतले किती शब्द एकाच मुळातून आलेत ते पाहायचं. सोमालीत पाण्याला 'बियो' म्हणतात, दासनचमध्ये 'बिये'. दोन्ही कुशितिक कुळातल्या, त्यामुळे हे नातं कुणालाही ऐकू येतं. त्या कुळात दासनचच्या सगळ्यात जवळच्या मानल्या जातात त्या दोन भाषा: उत्तरेकडची आर्बोरे आणि सरोवराच्या दक्षिणेकडची एल्मोलो. आजूबाजूचे तुर्काना लोक बोलतात ती भाषा तर कुळानेच निराळी. दासनच, आर्बोरे, एल्मोलो या तिघींपैकी एल्मोलो जवळजवळ संपली होती. ती बोलणारे मासेमार होते. गुरं राखणाऱ्या साम्बुरू शेजाऱ्यांची भाषा त्यांनी हळूहळू आपली केली आणि स्वतःची सोडून दिली. उरल्या त्या जुन्या, अर्ध्यामुर्ध्या शब्दयाद्या. माझ्या तक्त्यात एल्मोलोच्या रकान्यात रिकाम्या चौकटीच जास्त होत्या. त्या चौकटी मला खुपायच्या, दातात काहीतरी अडकल्यासारख्या.

प्रा. लिंडेंचा एक नियम होता, त्याला आम्ही 'दुसरा कान' म्हणायचो. शब्द एका तोंडातून येतो, पण तो दोन कानांनी ऐकला पाहिजे. ध्वनिमुद्रणातून एकेक शब्द सुटा कापायचा, बोलणाऱ्याचं नाव न सांगता दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला ऐकवायचा आणि त्याने सांगितलेला अर्थ जुळला तरच तो तक्त्यात घ्यायचा. मुद्रणातला कुठलाही आवाज गाळायचा नाही, कारण गाळताना शब्दाचाही थोडा भाग जातो. हा नियम मला फार आवडला होता.

सायमन लोया शाळेत शिक्षक होता, तिशीचा. सुट्टीत दुभाष्याचं काम करायचा. तो मला 'दादा' म्हणायचा. स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणतात आणि आईला मामा. हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा माझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

फोन लागायचा तो वस्तीमागच्या एका टेकाडावरून, तेही रविवारी दुपारी, वारा असेल तर नाहीच. त्या रविवारी मी खाली उतरले तेव्हा सायमन पायथ्याशी बसला होता.

"आईशी बोललीस?"

"हो."

"ही तुझी मराठी?"

"हो."

"यंत्राची चाचणी घेताना तू मराठी शब्द बोलली होतीस. तेव्हा आईला 'आई' म्हणालीस. आता वर 'अम्मा' म्हणत होतीस. आणि आकडे मोजतेस तेव्हा तुझी जीभ जशी फिरते तशी आता फिरत नव्हती."

"लाडाने म्हणते अम्मा. आणि फोनवर आवाज बदलतो, वरचे कंप कापले जातात."

"असेल," सायमन म्हणाला. "मी फक्त शाळामास्तर आहे."

नाबोईचा मुलगा कोयिते चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याची मुलगी कालाते नऊ वर्षांची झाली होती, आणि सहा आठवड्यांनी तिची दिमी होती. दासनच लोकांत मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की बाप हा मोठा समारंभ करतो. गुरं कापून पाहुण्यांना जेवू घालतो, बिबळ्याचं कातडं पांघरून नाचतो, आणि मुलीचं लग्न होवो, तिला पोरं होवोत म्हणून वडीलधारे आशीर्वाद देतात. त्या दिवसानंतर तो बापही वडीलधाऱ्यांत बसतो. ज्याची दिमी झाली नाही, तो केस पिकले तरी कडेलाच उभा राहतो. एका माणसाला हे एकट्याने झेपत नाही. वर्षानुवर्षं गुरं देऊन-घेऊन जोडलेले मित्र त्या दिवशी बैल घेऊन येतात. कोयितेचे असे पाच मित्र होते.

आणि त्याचा एक लाडका बैल होता, कपाळावर पांढरा, एक शिंग पुढे वळवलेला. पायात काटा गेल्यामुळे त्या दिवसांत तो चरायला न जाता कुंपणाजवळच असायचा. त्याच्या गळ्यातली घंटा कोयितेने वाटेत बंद पडलेल्या एका ट्रकच्या लोखंडातून स्वतः ठोकून केली होती. तिचा आवाज टणत्कार नव्हता, थोडा फुटका, घोगरा होता. माझ्या वहीतली 'घंटा, मंद, दूर' ती हीच.

नाबोई रोज सकाळी ज्वारी भरडायची. आमच्या गावाकडचंच धान्य, म्हणून मी पाहत बसायचे. खालचा दगड वापरून गुळगुळीत झाला होता, दाणे चिरडायच्या आधी निसटत होते. म्हातारी दुप्पट जोर लावत होती. तीन दिवस मी गप्प बसले. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून एक काळा, टोकदार, कठीण दगड शोधून आणला, तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि भरडायच्या दगडाला टाकी लावायला सुरुवात केली. ओळीने, वरून खाली, मनगट सैल ठेवून, एकावर एक घाव पडणार नाही असं अंतर राखून. अर्ध्या तासात सगळा दगड खरखरीत झाला. धूळ फुंकून मी बाजूला झाले.

नाबोईने मूठभर ज्वारी टाकली, दोनदा घासली, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मग माझा हात ओढून घेतला आणि तळवा उलटा करून बोटांची पेरं चाचपली.

"विचारतेय, हे कुठे शिकलीस? शाळेत नाही शिकवत हे."

"आईकडे."

"तुझी आई दगड फोडते?"

मी सायमनकडे पाहिलं. मग वाटलं, इथून माझं गाव, बार्शी, किती हजार किलोमीटर आहे. इथे कोण आहे माझं?

"माझी आई दारोदार फिरून पाटा-वरवंट्यांना टाकी लावायची," मी म्हणाले. "वडील खाणीवर होते. आम्ही वडार. घरात आम्ही वेगळी भाषा बोलतो, मराठी नाही. दुसऱ्याच कुळातली. शाळेत गेल्यावर पोरं चिडवायची, दगड चावतेस का बोलताना, म्हणून. मी आठवीत असताना आई डबा द्यायला शाळेत आली आणि सगळ्यांसमोर मला आमच्या भाषेत हाक मारली. घरी येऊन मी तिला सांगितलं, पुन्हा शाळेत यायचं नाही. आली तर मुकी होऊन यायचं."

सायमनने सगळं भाषांतर केलं. फक्त एकदा, मध्येच, तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "फोनवर आवाज बदलतो, काय?"

"तुझ्या प्रोफेसरबाईंना माहीत आहे?" नाबोईने विचारलं.

"नाही. अर्जात 'अवगत भाषा' असा रकाना होता. मी मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं."

"भाषा गोळा करणाऱ्या बाईला तू भाषा सांगितली नाहीस?"

म्हातारी आता हसली. पहिल्यांदाच, आवाज न करता, खांदे हलवत. मग तिने कालातेला हाक मारून शेळ्यांकडे पिटाळलं, दगडावरचं पीठ वाटीत सारलं आणि सायमनशी बराच वेळ खालच्या आवाजात बोलली.

"दादा," सायमन म्हणाला, "ती म्हणते, तू दिलंस, आता ती देते. ती या लोकांत जन्मलेली नाही. दक्षिणेकडच्या पाणीवाल्यांची आहे, मासे मारून जगणाऱ्यांची. कालातेएवढी असताना उपासमार झाली, तेव्हा तिच्या आईने तिला इथल्या एका घरी दिलं. त्यांनी लेकीसारखी वाढवली. नवऱ्याला माहीत होतं, तो वारला. कोयितेला अर्धवट माहीत आहे. बाकी कुणाला नाही. तिला आईचे थोडे शब्द आठवतात. हवेत का तुला?"

मी वहीचं नवं पान उघडलं. ते कशासाठी, याबद्दल मला स्वतःला फसवायचं नाही. म्हातारीच्या लहानपणाबद्दल वाईट वाटून नाही. मला रिकाम्या चौकटी दिसल्या.

"हवेत," मी म्हणाले.

"ऐक आधी. ती म्हणते, तुझ्या आवाजाच्या पेटीत ठेव. तुझ्या देशात ने, प्रोफेसरबाईंना दे. पण इथे नाही. इथल्या कुणाच्या कानावर जाता कामा नये. निदान दिमी होईपर्यंत तरी नाही. कुणी घरातून हाकलणार नाहीत तिला. पण मासे खाणारा म्हणजे ज्याच्याकडे गुरं नाहीत असा माणूस. कोयितेला वडीलधाऱ्यांत बसायचंय. बसायच्या आधी कुणी हसायला नको."

"तिला सांग, कबूल."

"कबूल, मामा," मी स्वतःच तिला म्हणाले, दासनच भाषेत. तेवढं मला यायला लागलं होतं.

तिने अठ्ठावीस शब्द दिले. माशांची नावं, जाळं, तराफा, लाट, पाणघोडा. आणि आमच्या यादीतलेही अकरा. ते शब्द मी इथे लिहीत नाही. काही शब्द सांगताना ती डोळे मिटायची आणि आधी ओठ हलवून पाहायची, चव आठवल्यासारखी. एक शब्द तिला सापडेना. तो सापडल्यावर तिने तो तीनदा नाही, सात-आठदा म्हटला. मागे कुंपणाजवळ बैल मान हलवत होता.

पुढच्या आठवड्यात मी आणि सायमन जीपने पस्तीस किलोमीटरवरच्या वस्तीकडे निघालो, दुसऱ्या कानासाठी. निघताना त्याने विचारलं, "म्हातारीचे ते शब्द नाहीत ना यात?"

"आहेत."

त्याने गाडी थांबवली.

"दादा, तू कबूल म्हणालीस."

"नाव कुठे आहे? एकेक सेकंदाचे तुकडे आहेत. दीडशे साध्या शब्दांत मिसळलेत, क्रम उलटापालटा केलाय. आणि 'इथे नाही' म्हणाली ती. हे इथे नाही, पस्तीस किलोमीटर लांब आहे."

"तिचं 'इथे' एवढंसं नाही."

"सायमन, दुसऱ्या कानाशिवाय ते अठ्ठावीस शब्द म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. तक्त्यात जाणारच नाहीत. तिने कशासाठी दिले मग? एका सेकंदात माणूस ओळखू येत नाही. मी हे मोजू शकते."

"मी नसते ऐकवले," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिथे बाभळीखाली तीन माणसं बसली होती, लाकडाच्या छोट्या बैठकांवर. त्यांतला थोरला लोचोरे. उंच, कानात पितळी कडी, बोलता बोलता थट्टा करणारा. कानावर हेडफोनची टोपडी चढवल्यावर त्याने आधी आपल्या सोबत्यांना विचारलं, "कसा दिसतो?"

"वासरासारखा," एकजण म्हणाला.

शब्द सुरू झाले. लोचोरे पटापट सांगत गेला: हाड. झोप. राख. दगड. मग म्हातारीचा पहिला शब्द आला आणि त्याने मान वाकडी केली.

"हे आपलं नाही. पाणीवाल्यांचं आहे. माझी आजी त्यांच्याकडे मासे मागायला जायची दुष्काळात, तिच्याकडून ऐकलंय. मोठा मासा, काट्यांचा."

अर्थ जुळत होता. मी वहीत खूण केली. जग ज्या भाषेला संपली म्हणत होतं तिचा एक शब्द दोन कानांनी ऐकला गेला होता.

"अजून एकदा लाव," लोचोरे म्हणाला.

मला आनंद झाला. मी परत लावला. त्याने डोळे बारीक केले, टोपडीवर हात दाबला.

"अजून."

तिसऱ्यांदा लावल्यावर त्याने टोपडी काढून शेजाऱ्याच्या कानावर चढवली आणि तर्जनीने हवेत ठोका धरला. शेजाऱ्यानेही ऐकलं. मग दोघंही एकदमच बोलले. मला एकच शब्द कळला, त्या बैलाचं नाव.

सायमन खाली मातीकडे पाहत होता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाई कोण ते त्यांना माहीत नाही. पण तिच्या मागे कोयितेचा पांढऱ्या कपाळाचा उभा आहे, म्हणतात. त्या घंटेसारखी घंटा दुसरी नाही. आणि कोयितेच्या कुंपणात एवढ्या वयाची बाई एकच आहे."

लोचोरे कोयितेच्या पाच मित्रांपैकी एक होता. हे मला तेव्हा कळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो हसायला लागला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"म्हणजे दिमीला आम्ही बैल आणायचे," तो सोबत्यांना म्हणाला, "आणि कोयिते काय वाढणार? मासे?"

"मगर कापेल," दुसरा म्हणाला. "कातडं पण तिचंच पांघरेल."

तिसरा हसता हसता बैठकीवरून घसरला. सायमनने ते मला भाषांतर करून सांगितलं, एकही शब्द न गाळता, आमच्या नियमाप्रमाणे. मी उरलेले शब्द ऐकवले नाहीत असं मला लिहायला आवडलं असतं. ऐकवले. अठ्ठावीसपैकी एकवीस जुळले. जे व्हायचं ते होऊन गेलंय, मग काम अर्धवट कशाला सोडायचं, असं मी स्वतःला सांगितल्याचं आठवतं.

पुढच्या वस्त्या उरकून नऊ दिवसांनी आम्ही नाबोईच्या वस्तीवर परतलो तेव्हा अकरापैकी दोन झोपड्या जागेवर नव्हत्या. दासनच झोपड्या उचलून नेता येतात, बायका त्या पाठीवरून नेतात. जमिनीवर दोन गोल उरले होते, आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा काळी. बैल नव्हता. वस्तीतल्या बायका आमच्याशी बोलल्या, पण कोयितेबद्दल विचारलं की शेळ्यांना हाका मारायच्या.

सायमनला शेवटी कळलं. लोचोरेने बैल देणार नाही असं सांगितलं नव्हतं. यावर्षी जमत नाही, एवढाच निरोप पाठवला होता. मग दुसऱ्याचा तसाच निरोप आला. तिसऱ्याने निरोपही पाठवला नाही. वाटेवर भेटणारी माणसं कोयितेला जाळ्याचा भाव विचारत होती. त्याने तिसऱ्या दिवशी घर उचललं.

ते आम्हाला सरोवराच्या काठी सापडले, दक्षिणेला, जिथे गवत संपून नुसता दगडगोटा लागतो. कोयिते बैलाच्या पायाला काहीतरी लावत होता. आम्हाला पाहून तो उठला आणि पाठ न फिरवता, सावकाश, बैलाला घेऊन पलीकडे गेला. गळ्यात घंटा नव्हती.

नाबोई झोपडीच्या सावलीत ज्वारी भरडत होती. दगड तोच होता, मी टाकी लावलेला. तिने मला बसायला जागा दिली.

"मामा," मी सुरुवात केली. मग मला दासनचमध्ये पुढचे शब्द येईनात, म्हणून मी सायमनकडे वळले. "तिला सांग, माझी चूक झाली. मी नाव कुठेच घेतलं नव्हतं. घंटेचं माझ्या लक्षात आलं नाही. ऐकली होती मी ती, लिहिलीही होती. पण माझ्या दृष्टीने तो नुसता मागचा आवाज होता."

सायमनने सांगितलं. ती भरडत राहिली.

"ती म्हणते, कसले शब्द? तिने तुला पाण्याचा शब्द सांगितला, हाडाचा, राखेचा. दुसरे कुठले तिला येत नाहीत. कधी येत नव्हते."

"मामा..."

"ती म्हणते, पेटी खोटं बोलली. पेटीतून काढून टाक."

मी यंत्र बाहेर काढलं. एकेका शब्दाचं मूळ मुद्रण तिच्यासमोर लावलं आणि पुसलं. अठ्ठावीस वेळा. दर वेळी तिचाच आवाज यायचा, मागे घंटा, आणि ती अनोळखी माणसाचं बोलणं ऐकावं तशी ऐकायची. त्या न सापडणाऱ्या शब्दाला मात्र तिचे हात दगडावर थांबले. सात-आठदा म्हटलेला तो तिचा शब्द संपेपर्यंत तिने वाट पाहिली, मग मान हलवली. मी तो पुसला.

"झालं?" सायमनने तिच्या वतीने विचारलं. "दुसऱ्या कुठल्या पेटीत नाही ना?"

आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असायच्या. एक यंत्रात, एक माझ्या बॅगेतल्या डिस्कवर, आणि एक दर आठवड्याला सामानाच्या विमानातून नैरोबीला. सायमनला हे माहीत होतं. त्या प्रतींचा डबा त्यानेच विमानात दिला होता.

"नाही," मी म्हणाले.

सायमनने माझ्याकडे पाहिलं आणि तेवढा एक शब्द भाषांतर केला.

नाबोई उठली. वाटीतलं पीठ तिने एका कातडी पिशवीत भरलं आणि माझ्या हातात दिलं, रस्त्यासाठी. मग माझ्या बोटांची पेरं पुन्हा एकदा चाचपली, पहिल्यांदा चाचपली होती तशीच, आणि काहीतरी म्हणाली. छोटं वाक्य होतं.

सायमन गाडीकडे वळला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझं मी कुणाला सांगितलेलं नाही."

परतताना सायमन गाडीत एकदाही मला दादा म्हणाला नाही.

या कामावरचा माझा प्रबंध दोन वर्षांनी पूर्ण झाला. त्यातला पाचवा तक्ता चांगला मानला जातो. दासनच, आर्बोरे आणि सरोवरकाठची मासेमारांची बोली यांचं नातं त्यात आधीपेक्षा स्पष्ट दिसतं. तीन फांद्या, आणि त्यांतल्या दोन अपेक्षेपेक्षा जवळ. एकवीस शब्दांपुढे एक खूण आहे आणि तळटीपेत लिहिलंय: वृद्ध स्त्री, नाव गुप्त, वेगळ्या वस्तीतील दुसऱ्या श्रोत्याकडून खात्री केलेली. नाव गुप्त ठेवल्याबद्दल एका परीक्षकाने माझं खास कौतुक केलं.

सायमनचं पत्र एकदाच आलं, तिसऱ्या वर्षी. कालातेची दिमी झाली होती, उशिरा, दक्षिणेकडे, दोनच मित्रांच्या बैलांवर. कोयिते नाचला. त्याची आई ते पाहायला नव्हती, आदल्या उन्हाळ्यात गेली. पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं, ते शब्द अजून कुठे आहेत का, कारण कालाते आजीबद्दल विचारते. मी तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. आहेत म्हणावं तर त्या दिवशी खोटं बोलले होते, आणि नाहीत म्हणावं तर आज खोटं बोलावं लागलं असतं. पत्र माझ्याकडे तसंच आहे.

त्याच महिन्यात हैदराबादला एक परिषद होती, कुळं आणि शाखांवरची. मला पाचवा तक्ता मांडायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी आईला फोन केला, तिने विचारलं, कुठल्या भाषेबद्दल बोलणार आहेस? मी सांगितलं, आफ्रिकेतल्या. ती म्हणाली, एवढ्या लांबच्या? आम्ही आमच्याच भाषेत बोलत होतो. मी परिषदेच्या वसतिगृहाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे उभी राहून.

नावनोंदणीच्या फॉर्मवर 'अवगत भाषा' असा रकाना होता. रांगेत माझ्यामागे चार-पाच माणसं उभी होती.

मी लिहिलं: मराठी, हिंदी, इंग्रजी.